लॉरीवाल्यांची रात्र

रस्त्यांचा इतिहास लिहिताना लांबी, रुंदी, खर्च आणि उद्घाटनाची तारीख या चार गोष्टींची नोंद कटाक्षाने केली जाते. रस्ता कोणी बांधविला हे शिलालेख सांगतो. त्यावरून कोणाच्या फौजा गेल्या हे बखरी सांगतात. त्या रस्त्यावरून रोज माल वाहणारा माणूस रात्री कोठे निजला, हे मात्र सहसा कोणी लिहून ठेवीत नाही. जुन्या राज्यकर्त्यांना या प्रश्नाचे महत्त्व कळत होते. सोळाव्या शतकात शेरशहाने बंगालपासून सिंधूपर्यंतचा राजमार्ग सिद्ध केला, तेव्हा त्याने वाटेत दर दोन कोसांवर सराया उभारल्या. अहल्याबाईंनी देशभर घाट आणि मंदिरे बांधली, तशाच वाटसरूंसाठी विहिरी आणि धर्मशाळाही बांधल्या. ज्याने वाट करून दिली त्याने विसाव्याचीही चिंता वाहावी, ही जाण त्यामागे होती. विसाव्या शतकात यंत्राने चालणाऱ्या मालमोटारी आल्या आणि ही जाण पुष्कळ ठिकाणी मागे पडली. ती कशी मागे पडली आणि तिची किंमत कोणी मोजली, हे समजून घ्यावयाचे असेल तर ब्रिटनमधील लॉरीचालकांच्या आठवणी ऐकण्यासारख्या आहेत.

१९३० ते १९७० या चार दशकांत लंडन, लिव्हरपूल, मँचेस्टर, ग्लासगो या शहरांच्या दरम्यान लॉऱ्या हाकणारी पिढी आज बहुतेक काळाच्या पडद्याआड गेली आहे. तिने मागे ठेवलेल्या आठवणींत इंजिनांचे कौतुक आहे, चढांची धास्ती आहे, धुके आणि बर्फ यांची वर्णने आहेत. परंतु या सर्वांहून अधिक चवीने सांगितले जाणारे दोन विषय आहेत. एक, रस्त्याकाठची खानावळ. आणि दुसरा, रात्रीच्या मुक्कामाचे घर. चवीने हा शब्द येथे जपूनच घ्यावयाचा, कारण त्या खाण्याला चव नव्हती आणि त्या मुक्कामाला सुख नव्हते.

ब्रिटनमध्ये प्रवाशांना उतरण्याच्या जागा पूर्वी नव्हत्या असे नाही. घोड्यांच्या डाकगाड्यांच्या काळात लंडनहून उत्तरेकडे जाणाऱ्या मोठ्या रस्त्यावर टप्प्याटप्प्याला पथिकाश्रम होते. तेथे घोडे बदलत, जेवण मिळे, बिछाना मिळे. १८४० च्या सुमारास आगगाडीचे जाळे पसरू लागले आणि या पथिकाश्रमांचे दिवस फिरले. काही बंद पडले. जे टिकले ते पुढे स्वतःच्या मोटारीतून हिंडणाऱ्या सुखवस्तू मंडळींची हॉटेले झाली. तेलाने माखलेल्या कपड्यांत आणि खिळे ठोकलेल्या बुटांत येणाऱ्या लॉरीवाल्याला त्यांच्या गालिच्यांवर जागा नव्हती. म्हणजे रस्ता जुना, पथिकही रोजचा, पण आश्रम मात्र त्याच्यासाठी उरला नाही, अशी स्थिती झाली.

पहिले महायुद्ध १९१८ मध्ये संपले, तेव्हा सैन्याला नकोशा झालेल्या हजारो लॉऱ्या विक्रीस निघाल्या. रणांगणावर गाडी हाकण्यास शिकलेल्या तरुणांनी गाठीच्या पैशांतून त्या घेतल्या आणि मिळेल त्या दराने माल वाहण्यास सुरुवात केली. स्पर्धा जीवघेणी होती. चालकाने किती तास गाडी हाकावी याला कायद्याचे बंधन नव्हते, आणि ज्याला बंधन नाही त्याला अंतही नसतो. अठरा-अठरा तास चाकामागे बसून डोळा लागल्यामुळे गाड्या खंदकात जात, भिंतींवर आदळत. हा अनर्थ पाहून १९३० च्या मार्ग वाहतूक कायद्याने प्रथमच मर्यादा घातली. सलग साडेपाच तासांहून अधिक गाडी चालवू नये; दिवसाकाठी एकूण अकरा तासांहून अधिक चालवू नये; आणि चोवीस तासांत सलग दहा तास विश्रांती मिळालीच पाहिजे, असे त्यातील नियम होते. १९३३ च्या कायद्याने वाहतुकीस परवाने आणि चालकांच्या वेळेच्या नोंदी आवश्यक केल्या.

कायदा चांगला होता, हेतूही शुद्ध होता. पण आता थोडे गणित करून पाहावे. त्या काळी जड मालमोटारींना ताशी २० मैल ही वेगमर्यादा होती. ती १९५७ पर्यंत टिकली, आणि मग ३० मैलांवर गेली. लंडनपासून ग्लासगो सुमारे ४०० मैल. वाटेत चढ, धुके, गावे, फाटके यांपैकी काहीही आडवे आले नाही असे धरले तरी हा प्रवास २० तासांचा होतो. चालविण्याची मुभा अकरा तासांची. म्हणजे घर आणि पल्ला यांच्या मधोमध कोठे तरी रात्र काढणे चालकाला भागच होते. विश्रांतीचे तास कायद्याने सांगितले, परंतु त्या दहा तासांत अंग कोठे टाकावयाचे हे कायद्यात कोठेच नव्हते. अंथरूण पाहून पाय पसरावेत अशी आपल्याकडे म्हण आहे. येथे पाय पसरण्याची आज्ञा झाली आणि अंथरुणाचा विचार राहून गेला.

हा रिकामा कोपरा बाजाराने भरून काढला, आणि बाजार जसा भरील तसाच तो भरला. रस्त्याच्या कडेला कोठे लाकडी खोपटे, कोठे पत्र्याची शेड, कोठे मोडीत निघालेल्या बसचा सांगाडा उभा करून त्यात चहाचे आधण चढले. बाहेर कोळशाची राख पसरलेले अंगण. पावसात त्याचा काळा चिखल होई आणि तो बुटांबरोबर आत येई. दारावर पाटी असे ती जुन्या घोडागाडीवाल्यांच्या काळातील शब्दांची: गाडीवानांना थांबण्यास उत्तम जागा. गाडीपुढचा घोडा जाऊन गाडीत इंजिन आले, तरी पाटी तीच राहिली. या जागांना पुढे ट्रान्सपोर्ट कॅफे हे नाव रूढ झाले. चालक स्वतः मात्र आपापल्या नेहमीच्या जागांना याहून पुष्कळच तिखट नावे ठेवीत.

आत शिरताच प्रथम भेटे ती वाफ. ओले कोट, सिगारेटचा धूर, तव्यावर जळणारी चरबी आणि अखंड उकळणारा चहा यांचा तो एकजीव दर्प अनेकांच्या स्मरणात पन्नास वर्षे टिकून राहिला. चहा जाड मातीच्या मोठ्या मगांतून मिळे; मगांचे काठ टवके उडालेले असत. साखर ढवळण्यासाठी चमचा एकच, आणि तो कोणी पळवू नये म्हणून साखळीने किंवा दोरीने गल्ल्याजवळ बांधून ठेवलेला. चालकांच्या आठवणींतील हा बांधलेला चमचा इतक्या वेळा भेटतो की, त्या सबंध युगाचे तेच बोधचिन्ह मानावे. खाण्यास डुकराच्या मांसाचे काप, अंडे, सॉसेज, तळलेला पाव किंवा थिजलेली चरबी लावलेला पाव. एकाच तव्यावरील तेच तेल दिवसभर पुरविले जाई. मेजावरचे मेणकापड पुसले जाई ते ज्या फडक्याने, त्या फडक्यापेक्षा मेजच बरे असे वाटावे.

तरीही गिऱ्हाईक तुटत नसे, कारण पर्याय नव्हता. त्या वेळच्या बहुतेक लॉऱ्यांच्या चालककक्षात शेगडी किंवा उष्णतेची कसलीही सोय नसे. कक्षाच्या मध्यभागी असलेल्या इंजिनाच्या झाकणाची ऊब तेवढीच सोबत. फटींतून वारा येई; पाय पोत्यात गुंडाळून गाडी हाकावी लागे. जानेवारीच्या रात्री तीन वाजता काळ्याकुट्ट माळावर एक पिवळा दिवा दिसावा आणि त्याखाली ऊन ऊन चहा मिळावा, हे सुख ज्याने भोगले त्याने मगाच्या टवक्यांची तक्रार केली नाही. केली ती नंतर, पोट भरल्यावर.

रात्रीच्या मुक्कामाची गोष्ट मात्र याहून कठीण होती. काही कॅफेंच्या मागेच किंवा माडीवर खाटांची रांग असे. शहरांत गोदीजवळच्या, मालाच्या अड्ड्यांजवळच्या गल्ल्यांतून विधवा किंवा मोठ्या कुटुंबाच्या बायका आपल्या घरातील खोल्या चालकांना देत. एका खोलीत चार, सहा, कधी आठ खाटा. कोणी रात्री दहाला येई, कोणी एकला. कोणी दोनला उठून निघे, कोणी चारला. त्यामुळे दार सतत वाजे, बूट सतत खडखडत, आणि कायद्याने दिलेली दहा तासांची विश्रांती प्रत्यक्षात तुकड्यातुकड्यांनी वाट्यास येई. रात्रपाळीचा चालक सकाळी येऊन निजे आणि दिवसपाळीचा रात्री; बिछाना तोच. पाठ टेकताच तो गरम लागे, तेव्हा ती ऊब कोणाची असा विचार मनात येऊ द्यावयाचा नाही, हा पहिला धडा. चादरी केव्हा बदलतात हे विचारावयाचे नाही, हा दुसरा. जाणते चालक अंगावरच्या कपड्यांनिशी झोपत. पैशांचे पाकीट उशीखाली ठेवीत आणि खाटेचे पाय आपल्या बुटांत उभे करीत, म्हणजे सकाळी बूट जागच्या जागी सापडत. ढेकूण हा कोणत्याही भाड्याशिवाय मिळणारा सोबती होता.

मालक चालकाला बाहेरच्या रात्रीसाठी भत्ता देत. सरकारी प्रवासभत्त्याशी ज्यांचा परिचय आहे त्यांना पुढची गोष्ट सांगावयास नको. भत्ता आणि प्रत्यक्ष खर्च यांत जेवढे अंतर पडेल तेवढी घरी नेण्याची कमाई. म्हणून कित्येक चालक मुक्कामाच्या घरी न जाता चालककक्षातच बैठकीवर फळी टाकून, इंजिनाचे झाकण मध्ये घेऊन, अंगाचे मुटकुळे करून रात्र काढीत. अनेक कंपन्यांना हे मान्य नसे. परंतु घरी मुले असलेल्या माणसाला वाचलेले चार शिलिंग अधिक मोलाचे वाटत. या आठवणी सांगताना म्हातारे चालक हसत. मात्र ज्या माणसाला आपली झोप विकून मुलांचे बूट घ्यावे लागतात, त्याच्या हसण्यामागे काय असते हे जाणत्याने ओळखावे.

येथे दुसऱ्या बाजूचे म्हणणेही ऐकले पाहिजे. नाही तर इतिहास एकतर्फी होईल. त्या घरमालकिणींच्या आठवणी कोणी फारशा टिपून ठेवल्या नाहीत. चादरी हातांनी धुवावयाच्या, त्या उत्तरेकडच्या पावसाळी हवेत वाळवावयाच्या, मध्यरात्री दार उघडावयाचे, पहाटे तीनला न्याहरी तळावयाची, आणि मोबदल्यात मोजके शिलिंग मिळवावयाचे, हे काम सुखाचे नव्हते. त्यात १९३९ मध्ये दुसरे महायुद्ध सुरू झाले. जानेवारी १९४० पासून लोणी, साखर आणि डुकराचे मांस यांवर, आणि त्याच वर्षीच्या जुलैपासून चहावरही नियंत्रण आले. चहाचे नियंत्रण १९५२ मध्ये आणि मांसाचे तर १९५४ मध्ये उठले. त्या चौदा वर्षांत पातळ चहा आणि फिकी सॉसेजे हा दुकानदाराचा दुष्टपणा नसून बहुधा त्याची लाचारी होती. दिवे झाकलेल्या गाड्या अंधारातून हाकीत, दारूगोळ्यापासून बटाट्यापर्यंत सारे काही वाहून नेणाऱ्या चालकांनाही हे ठाऊक होते.

चालकांचा कैवार घेणारे कोणीच नव्हते असेही नाही. १९२२ मध्ये स्थापन झालेल्या मोठ्या वाहतूक कामगार संघटनेचे नेते अर्नेस्ट बेव्हिन हे स्वतः तरुणपणी ब्रिस्टल शहरात घोडागाडी हाकीत होते. १९३८ मध्ये मालवाहतुकीतील वेतनाविषयी कायदा झाला. पुढे युद्धकाळात बेव्हिन मजूरमंत्री झाले आणि १९४३ मध्ये त्यांनी खानावळी व हॉटेले यांतील नोकरांच्या वेतनासाठी कायदा करून घेतला. गल्ल्याच्या एका बाजूस उभा असलेला चालक आणि दुसऱ्या बाजूस चहा ओतणारी मुलगी, दोघेही कायद्याच्या पुस्तकात आले. खाट मात्र बाहेरच राहिली.

मग या गलिच्छ जागांविषयी त्यांच्या मनात ओलावा का राहिला? याचे उत्तर शॅपच्या चढावर सापडते. लंडनहून ग्लासगोकडे जाणारा पश्चिमेचा जुना रस्ता केंडल गाव सोडल्यावर उजाड टेकड्यांवर चढू लागतो आणि सुमारे १,४०० फुटांची उंची गाठतो. भरलेली लॉरी येथे माणसाच्या चालीने चढे. हिवाळ्यात बर्फ पडले की रस्ता बंद होई आणि गाड्यांची रांग जागच्या जागी गोठे. १९४७ चा हिवाळा आणि पुढे १९६२-६३ चा हिवाळा यांची नावे काढताच चालक आजोबा होऊन बोलू लागत. या चढावरचा जंगल कॅफे लॉरीवाल्यांत सर्वतोमुखी झाला होता. पुढचा रस्ता मोकळा आहे की नाही, कोणत्या वळणावर गाडी अडकली आहे, परतीचा माल कोठे मिळेल, ही सारी बातमी अशाच ठिकाणी कळे. रात्री दोन टोकांहून निघालेल्या दोन गाड्या मध्यावरच्या कॅफेत भेटत, चालक गाड्यांची अदलाबदल करीत आणि ज्याचा तो आपल्या घराकडे परते. एकट्याने काम करणाऱ्या माणसांची ती चावडी होती. अन्न वाईट, पण पंगत आपली, असा हा हिशेब होता.

या जगाचे वास्तव चित्रपटांनीही टिपले. आर्थर वुड्स यांचा ‘दे ड्राइव्ह बाय नाइट’ हा ब्रिटिश चित्रपट १९३८ मध्ये निघाला; त्यातील पळून जाणारा नायक लॉऱ्यांच्या आणि रस्त्याकाठच्या कॅफेंच्या आश्रयाने उत्तरेची वाट धरतो. त्याच वर्षी लंडनच्या उत्तर वर्तुळमार्गावर एस कॅफे सुरू झाला. युद्धातील बाँबहल्ल्यात तो नष्ट झाला, १९४९ मध्ये पुन्हा उभा राहिला, आणि पन्नाशीच्या दशकात लॉरीवाल्यांच्या जोडीला मोटारसायकलवाल्या तरुणांचाही अड्डा बनला. १९६९ मध्ये तो बंद पडला. २००१ मध्ये पुन्हा उघडला तो मुख्यतः त्या तरुणांच्या स्मृतीसाठी.

शेवट आला तो नव्या रस्त्यांनी. २ नोव्हेंबर १९५९ रोजी एम-वन हा महामार्ग खुला झाला आणि त्याच दिवशी वॉटफर्ड गॅप येथे त्यावरील विश्रांतिस्थान सुरू झाले. महामार्गावर कोणालाही खोपटे टाकून चहा विकता येत नव्हता; जागा ठरलेल्या, परवाने ठरलेले. १९७० मध्ये एम-सिक्स महामार्गाचा शॅपजवळचा भाग खुला झाला आणि जुन्या चढावरची वर्दळ जणू एका रात्रीत थांबली. १९६८ च्या कायद्याने चालविण्याच्या तासांची मर्यादा दहावर आणली. त्याच सुमारास स्वीडनहून व्होल्वोच्या, मागे बिछाना असलेल्या गाड्या येऊ लागल्या; हळूहळू चालककक्षातच शय्या असणे हा शिरस्ता झाला. १९८१ च्या अखेरीस वेळ आणि वेग आपोआप नोंदविणारे यंत्र सक्तीचे झाले. घरमालकीण गेली, बांधलेला चमचा गेला, ढेकूण गेले. चालकाला अखेर स्वतःचा बिछाना मिळाला. पण त्या बिछान्यावर तो एकटा होता, आणि गाडी उभी करावयाची कोठे, अंघोळ करावयाची कोठे, हा प्रश्न नव्या रूपात पुढे आला. २०२१ मध्ये ब्रिटनमध्ये लॉरीचालकांची टंचाई होऊन दुकानांची फळ्या-फडताळे रिकामी दिसू लागली, तेव्हा शासनाने चालकांच्या विश्रांतीच्या सोयी सुधारण्यासाठी निधी देण्याचे जाहीर केले. ९१ वर्षांपूर्वी सुटलेला मुद्दा पुन्हा त्याच दारावर येऊन उभा राहिला होता.

या कथेतील बोध आपल्यालाही परका नाही. भारताने १९६१ मध्ये मोटार वाहतूक कामगारांचा कायदा केला, तेव्हा कामाचे तास दिवसाला आठ ठरविले; पण तेवढ्यावर न थांबता, कामगारांना जेथे रात्री मुक्काम करावा लागतो तेथे मालकाने स्वच्छ, हवेशीर आणि उजेडाच्या विश्रांतिखोल्या ठेवाव्यात असे स्पष्ट कलम त्यात घातले. कागदावर भारतीय विधिमंडळाने जे पाहिले ते १९३० मध्ये ब्रिटिश विधिमंडळाला दिसले नव्हते. मात्र हा कायदा मुळात पाच किंवा अधिक कामगार असलेल्या उद्योगांसाठी होता, आणि आपल्याकडे एकदोन ट्रकांचा धनी असलेला मालकच फार. म्हणून आग्रा रस्त्यावर असो की ग्रँड ट्रंक रोडवर, ढाब्यापुढची सुंभाची खाट हीच पुष्कळांची विश्रांतिखोली राहिली. नियम करणाऱ्याने तासांबरोबर खाटेचा विचार केला पाहिजे, आणि खाटेबरोबर ती प्रत्यक्ष कोणाला मिळते याचाही, हे दोन्ही देशांच्या अनुभवाचे सार आहे.

शॅपच्या माथ्यावर, जुन्या रस्त्याच्या कडेला, आज एक स्मृतिशिला उभी आहे. तीवर कोणा राजाचे किंवा सेनापतीचे नाव नाही. महामार्ग होण्यापूर्वी या अवघड वाटेने उत्तर आणि दक्षिण जोडून ठेवणाऱ्या चालकांचे आणि त्यांच्या साथीदारांचे ती स्मरण करते; रस्ता बांधणाऱ्यांचे आणि तो राखणाऱ्यांचे स्मरण करते; आणि वादळात अडकलेल्या प्रवाशांना पिढ्यानपिढ्या मोबदल्याविना अन्न आणि आसरा देणाऱ्या आसपासच्या गावकऱ्यांचेही करते. तेथील वारा अजून पूर्वीइतकाच बोचरा आहे. ज्यांना त्या वाऱ्यात चार तास झोप विकत घ्यावी लागे, त्यांना कोणी तरी एके रात्री ती फुकट दिली होती, एवढी नोंद त्या दगडाने करून ठेवली आहे.